कॉर्क एका दिवसात होतं का? नाही होत, आणि का ते सांगते

प्रश्न असा आलाय की जूनमध्ये सहा दिवस आयर्लंड करायचंय, बरोबर सत्तरीतले सासू-सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा, मुक्काम सगळा डब्लिनला, आणि एजंट म्हणतोय कॉर्क आणि ब्लार्नीचा किल्ला सकाळी निघून रात्री परत, एका दिवसात आरामात होतं. वर लोकांचे अनुभव वाचले तर अर्धे म्हणतात कॉर्क म्हणजे आयर्लंडमधलं बेस्ट, अर्धे म्हणतात काही नाहीये हो तिथे, एक रस्ता, पाऊस आणि सहाला बंद होणारी दुकानं. मग खरं कोणाचं?

दोघांचंही खरंय. मी मूळची चिपळूणची, नवऱ्याच्या नोकरीपायी कॉर्कला येऊन तेरा वर्षं झाली (तो रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे, इथल्या बऱ्याच मराठी घरांत कोणीतरी एकतर तिकडे नाहीतर कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांत असतंच), आणि त्यातली नऊ वर्षं मी आठ सीटची व्हॅन घेऊन लोकांना फिरवते. जास्त करून आपलेच, पुणे, ठाणे, नाशिक, नाहीतर लंडन-मँचेस्टरला मुलांकडे आलेले आईवडील. संध्याकाळी हॉटेलवर सोडताना मी सगळ्यांना एकच विचारते, आज काय लक्षात राहिलं? ती उत्तरं ऐकून ऐकून आता मला साधारण आधीच कळतं की हा माणूस घरी जाऊन काय सांगणार.

आधी त्या एका दिवसाच्या ट्रिपचा हिशोब मांडा. डब्लिन ते कॉर्क अडीचशे किलोमीटरच्या वर आहे, एका बाजूला. बस सकाळी सातच्या आसपास निघते, रात्री आठ-नऊला परत. म्हणजे तेरा-चौदा तासांतले सात तास तुम्ही सीटवर, दोन-अडीच तास ब्लार्नीला (त्यातला निम्मा वेळ रांगेत), आणि मग कॉर्क शहरात पाऊणएक तास, पॅट्रिक स्ट्रीटला सोडतात आणि सांगतात जेवून या. आता त्या पाऊण तासात माणूस काय बघणार, समोर दिसेल त्या ठिकाणी सँडविच खाणार, टॉयलेट शोधणार, बाहेर येईपर्यंत पाऊस सुरू. ठाण्याच्या एका कुटुंबाने हीच ट्रिप केली होती, कंपनीचं नाव नाही घेत, आजोबांचे पाय सुजले आणि आजी म्हणाल्या, "अगं कॉर्क बघितलं की नाही तेच आठवत नाहीये, बस तेवढी आठवते." काही नाहीये तिथे असं लिहिणारे बहुतेक या बसमधले असतात. त्यांचं चूक नाही, त्यांना खरंच काही दिसलेलं नसतं.

या गावात डोळ्यात भरेल असं एकही मोठं काही नाही, हे मी स्वतः फिरवणारी असून सांगते. पॅरिससारखा टॉवर नाही, रोमसारखे अवशेष नाहीत. कॉर्क हे नाव मुळात आयरिश कोर्कीवरून आलंय, म्हणजे दलदल. ली नदीचे दोन फाटे होतात आणि मधल्या बेटावर शहराचा मध्यभाग आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण मला विचारतो, "अहो आत्ताच तर नदी ओलांडली ना, मग ही कुठली?" तीच. पॅट्रिक स्ट्रीट सरळ नाही, धनुष्यासारखा वळलाय, कारण त्याच्याखालून पूर्वी नदीचा एक फाटा वाहायचा, तो झाकून वर रस्ता केला. मला हे गाव पहिल्या वर्षीच आपलंसं वाटलं त्याचं कारण पण हेच असावं. 2009 च्या नोव्हेंबरात इथे पूर आला होता, वरच्या इनिस्कारा धरणातून सोडलेलं पाणी शहरात घुसलं, लोक अजून सांगतात. आणि एरवीही मोठी भरती असली की नदीकाठचे दुकानदार दारात पोती लावायला घेतात. वाशिष्ठीच्या काठावर वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही, बाजारपेठेत पाणी भरायला लागल्यावर दुकानदार आधी काय उचलतो ते मला पाठ आहे.

शहरात पहिल्या सकाळी मी लोकांना इंग्लिश मार्केटमध्ये नेते. नावावर जाऊ नका, 1788 चा छपराखालचा बाजार आहे, मासे, मटण, चीज, पाव. 2011 मध्ये इंग्लंडची राणी आली होती तेव्हा एका मासेवाल्याने तिला असं काही हसवलं की तो फोटो जगभर गेला. आपले शाकाहारी लोक आधी नाक धरतात, पण पाच मिनिटांत रमतात, कारण बाजार तो बाजार. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडचे कोणी असले तर मग विचारूच नका, ट्राइप म्हणजे आपली वजडी आणि ड्रिशीन म्हणजे रक्ताचं सॉसेज, आपल्या रक्तीचा लांबचा भाऊ म्हणा, हे दोन्ही कॉर्कचं खास जुनं गरिबांचं खाणं. साताऱ्याच्या एका काकांनी त्या खाटकाला हातवारे करत वजडी साफ करायची आपली पद्धत समजावली, चुन्याच्या पाण्यापासून सगळी, आणि त्याने पण काउंटरमागून बाहेर येऊन मन लावून ऐकली. दोघांना एकमेकांचं इंग्लिश कळत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं. अर्धा तास गेला तिथेच. संध्याकाळी काकांना काय लक्षात राहिलं ते वेगळं विचारायला लागलं नाही.

मग शँडन. सेंट ॲनचं चर्च, 1722 चं, टेकडीवर. मनोऱ्याच्या दोन बाजू लाल दगडाच्या आणि दोन पांढऱ्या, म्हणून कॉर्कच्या खेळाडूंच्या जर्सीचे रंगही लाल-पांढरे असं इथले लोक सांगतात. वर चार बाजूंना चार घड्याळं आणि चौघांत कधी एकमत नाही, म्हणून त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात, तास भरला की तेवढ्यापुरती चौघं जुळतात. पण मजा पहिल्या मजल्यावर आहे, तिथे आठ घंटांचे दोर ठेवलेत आणि कोणीही वाजवू शकतं. नंबर लिहिलेली कार्डं असतात, एक-तीन-पाच असे दोर ओढायचे की गाणं वाजतं आणि ते खाली सगळ्या गावाला ऐकू जातं. माझ्याबरोबर नाशिकच्या एक बाई होत्या, घरी पेटी वाजवणाऱ्या. त्यांनी ते कार्ड बघितलं, बाजूला ठेवलं, एकेक दोर ओढून स्वर तपासले, मग पदर खोचला आणि भजनाची एक अख्खी ओळ वाजवली. एका ठिकाणी कोमल स्वर हवा होता तो त्या आठांत नव्हता, तर तिथे थांबून मोठ्याने म्हणाल्या, "याला निषाद नाहीये का दुसरा?" खाली उतरलो तर समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, आज हे नवीन काय होतं? मनोरा कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतो, त्यामुळे जायच्या आधी बघून घ्या. वरपर्यंत शंभराच्या वर अरुंद पायऱ्या आहेत, सासू-सासऱ्यांना घंटांपाशीच थांबवा, वर फक्त मुलाला पाठवा. शेजारीच लोण्याचं म्युझियम आहे. हसू नका, एकोणिसाव्या शतकात कॉर्क हा जगातला सगळ्यात मोठा लोणीबाजार होता, खेड्यापाड्यांतून मीठ लावलेलं लोणी पिंपांतून इथे यायचं, प्रत जोखली जायची आणि बोटीने पार वेस्ट इंडीजपर्यंत जायचं.

तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि शाळेत कोडिंग वगैरे करत असेलच, तर त्याला युनिव्हर्सिटीत न्याच. जॉर्ज बूल, ज्याच्या नावाने कॉम्प्युटरमधलं ते खरं-खोटं, एक-शून्यवालं बूलियन चालतं, तो 1849 पासून इथल्या कॉलेजात गणिताचा पहिला प्रोफेसर होता. आणि त्याची बायको मेरी एव्हरेस्ट, म्हणजे आपल्या भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टची सख्खी पुतणी, ज्याचं नाव त्या शिखराला दिलंय तोच. 1864 च्या हिवाळ्यात बूल धो धो पावसात घरून चालत कॉलेजला आला, भिजलेल्या कपड्यांतच शिकवलं, आणि न्यूमोनियाने गेला. बायकोचा विश्वास होता की ज्याने आजार झाला त्यानेच तो बरा होतो, म्हणून तिने त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं असं सांगतात. ही गोष्ट मी मुलांना पावसात उभं राहूनच सांगते, त्यानंतर रेनकोट घाल म्हणून कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

सेंट फिन बारचं कॅथेड्रल वाटेतच आहे, तीन टोकदार मनोरे, वर सोनेरी देवदूत, तो तुतारी वाजवेल तेव्हा जग संपणार म्हणे. याचा आर्किटेक्ट विल्यम बर्जेस याने आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी पण आराखडा केला होता, तो बांधलाच गेला नाही. मुंबईकरांना हे सांगितलं की ते कॅथेड्रलकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, आपलं राहून गेलेलं काहीतरी इथे उभं असल्यासारखं.

आता वाईट बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल ही धंदेवाली बाई. संध्याकाळी सहानंतर दुकानं बंद, शहराच्या मध्यात बरीच दुकानं कायमचीच बंद पडलेली दिसतात, रस्त्यावर बेघर आणि नशेत असलेली माणसं दिसतात आणि आपल्या वयस्कर मंडळींना त्याचा धक्का बसतो, युरोपात असं असतं का म्हणून विचारतात. असतं. ते आपल्या वाटेने जातात, आपण आपल्या वाटेने जायचं, मोबाइल-पाकीट सांभाळायचं एवढंच. हॉटेलं महाग आहेत, आणि ऑक्टोबरच्या शेवटी जॅझ फेस्टिवल असतो तेव्हा तर खोली मिळतच नाही, पण तुम्ही जूनमध्ये येताय. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुकानं सहाला मिटली तरी दिवस काही मिटत नाही.

माणसं मात्र बोलतात, आणि बोलतात म्हणजे बोलतात. कॉर्कचा सूर चढउताराचा आहे, मालवणी माणूस तावातावाने सांगतो ना तसा, आणि इतका भरभर की पहिले दोन दिवस इंग्लिश येणाऱ्यांनाही कळत नाही. ग्रँड म्हणजे भव्य नाही, ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल. आणि कोणी काही काम सांगितल्यावर लांबवून "आय विल, या" म्हणाला तर त्याचा अर्थ अजिबात करणार नाही असा आहे, आपलं "हो हो, बघू की" तसंच. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्स म्हणतो, शाळकरी पोरंसुद्धा. पुण्याच्या एका निवृत्त सरांना हे इतकं भावलं की ते तीन दिवस गरज नसताना बसने फिरले. आणि तुमचं आडनाव कर ने संपत असेल तर टॅक्सीवाला हमखास लिओ वराडकरांचा विषय काढणार, इथले दोनदा पंतप्रधान झालेले, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यानंतर तो टॅक्सीवाला त्यांच्याबद्दल काय बोलेल याची गॅरंटी मी घेत नाही, राजकारण सगळीकडे सारखंच.

ब्लार्नीबद्दल फार लिहीत नाही. शहरापासून आठएक किलोमीटरवर, 1446 चा किल्ला, वरच्या तटातल्या दगडाचं चुंबन घेतलं की जिभेला गोडवा येतो असं म्हणतात. त्यासाठी सव्वाशेच्या वर पायऱ्या चढून, पाठीवर झोपून, डोकं खाली उलटं सोडून, तटाच्या फटीत मान घालावी लागते. धरायला माणूस असतो, पण ज्यांना मानेचा, कमरेचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तासदीड तासाची रांग सहज लागते, आणि त्या गोल जिन्यात एकदा शिरलात की मागे फिरता येत नाही. उघडताक्षणी सकाळी नऊला जा नाहीतर दगड सोडून द्या आणि बाग बघा. बाग दगडापेक्षा कितीतरी छान आहे, विषारी झाडांचा एक वेगळा वाफाच आहे, मुलांना तो फार आवडतो. मी स्वतः तेरा वर्षांत एकदाच चुंबन घेतलंय, बोलण्यात फरक पडलेला नाही, नवरा म्हणतो पडायला नकोच होता.

कोव्हला मात्र अर्धा दिवस तरी द्याच. ट्रेनने पंचवीस मिनिटं. उतारावरचं गाव, रंगीत घरं एकाला एक टेकून उभी, पत्त्यांचा बंगला म्हणतात त्यांना, वर भलं मोठं कॅथेड्रल, त्यात 49 घंटांचा संच. लोक येतात टायटॅनिकसाठी. 11 एप्रिल 1912 ला टायटॅनिकचा हा शेवटचा थांबा, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. पण जहाज गावात आलंच नव्हतं, बाहेर खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि 123 जणांना इथून लहान बोटींनी नेलं, त्यातले 113 थर्ड क्लासचे. आणि काही जण इथे उतरलेही, त्यात एक तरुण पाद्री होऊ घातलेला, फ्रान्सिस ब्राउन, कॅमेरा घेऊन आलेला. जहाजावर एका श्रीमंत जोडप्याने त्याला म्हटलं आमच्या खर्चाने पुढे अमेरिकेला चल, त्याने परवानगीसाठी तार केली, वरिष्ठांचं उत्तर आलं, त्या जहाजावरून उतर. म्हणून तो वाचला आणि टायटॅनिकवरच्या आयुष्याचे फोटो जगाला मिळाले. ज्या लाकडी धक्क्यावरून ते लोक बोटीत चढले त्याचे काळे, कुजलेले खांब अजून पाण्यात उभे आहेत. गाइड नसला तर लोक त्यांच्याकडे न बघताच पुढे जातात.

पण कोव्हचा खरा विषय टायटॅनिक नाही, निघून जाणारी माणसं आहे. 1845 नंतर बटाट्यावर रोग पडला, साधारण दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली, आणि मग शंभर वर्षं लोक जातच राहिले, त्यातले लाखो या धक्क्यावरून. ॲनी मूर नावाची मुलगी इथूनच गेली, 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरलेली पहिली, तिचा आणि तिच्या दोन भावांचा पुतळा पाण्याच्या कडेला आहे, एक भाऊ हाताने समुद्राकडे दाखवतोय. ज्यांची मुलं अमेरिकेत, लंडनात आहेत असे आईवडील या पुतळ्यापाशी थांबतात आणि गप्प होतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी तिथे काही बोलतच नाही, गाडीची चावी शोधत असल्यासारखं करते. मिडलटनला (डिस्टिलरीमुळे माहीत असेल) पार्कात स्टीलची नऊ उंच पिसं गोलाकार उभी केलीत, 1847 मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, दुष्काळासाठी 170 डॉलर गोळा करून पाठवले होते, त्याची आठवण म्हणून. कलकत्त्याहून पण तेव्हा मदत आली होती.

आणि आता जे कुठल्याच एजंटच्या यादीत नसतं ते. कॉर्कहून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटर, बँडन, क्लोनाकिल्टी, स्किबरीन करत शीप्स हेड नावाच्या द्वीपकल्पावर अहाकिस्टा म्हणून इवलंसं गाव आहे. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान, मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला निघालेलं, या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बने फुटलं. 329 माणसं, त्यात ऐंशीच्या वर लहान मुलं, बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडावाले. निम्म्याहून जास्त सापडलेच नाहीत. जे सापडले त्यांना कॉर्कच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं, नातेवाईक आले तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना आधार दिला, घरं उघडी केली. पुढच्याच वर्षी अहाकिस्टाला पाण्याकाठी लहानशी बाग केली, मध्ये एक सूर्यघड्याळ आणि भिंतीवर नावं. दरवर्षी 23 जूनला तिथे सभा होते, गावातले लोक येतात.

मी पुण्याच्या एका काकांना घेऊन गेले होते, साधारण ऐंशीचे, त्यांच्या कॉलेजमधला मित्र त्या विमानात होता. गाडीत ते काही बोलले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा एक माणूस मशीनने गवत कापत होता. काका भिंतीपाशी गेले, चष्मा काढला, बोटाने ओळीओळीने नावं वाचायला लागले. त्या माणसाने मशीन बंद केलं. काही विचारलं नाही, जवळ आला नाही, मशीनच्या दांड्यावर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. काकांना नाव सापडलं, त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. खिशातून डबी काढून त्यांनी काहीतरी भिंतीच्या पायाशी ठेवलं, बहुतेक तिळाचा लाडू होता. आम्ही गाडीत बसलो, दार लागलं, मी गाडी वळवली, तेव्हा मागून मशीन परत सुरू झाल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

तुमच्या बाबतीत सासू-सासरे आहेत म्हणून हा लांबचा दिवस जमेल का ते त्यांना विचारून ठरवा, जाऊन-येऊन चार तास गाडीत जातात आणि रस्ता वळणाचा आहे. जमलं तर थांबत थांबत जा. स्वतः गाडी चालवणार असाल तर डावीकडूनच चालवायचं असतं त्यामुळे आपल्याला सोपं, पण ऑटोमॅटिक गाडी आधीच बुक करा, ऐनवेळी मिळत नाही. गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना झुडपं, आणि 2025 पासून अशा छोट्या ग्रामीण रस्त्यांवर वेगाची मर्यादा 60 वर आणलीय, चिन्ह बघत चला. समोरून गाडी आली की जो रुंद जागेजवळ असेल तो मागे घेतो आणि दुसरा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हॉर्न नाही, हात नाही, एक बोट. आपल्या लोकांना दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची सवय लागते आणि मग ते कारण नसताना पण उचलायला लागतात.

पावसाचं एवढंच की छत्री आणू नका. इथे वर्षभरात साधारण बाराशे मिलिमीटर पडतो, आमच्या चिपळूणला एकटा जुलै तेवढा पाडतो, पण इथला पाऊस वरून येत नाही, बाजूने येतो, आणि पूलावर छत्री उलटी झालेला माणूस बघून लोकांना लगेच कळतं हा पाहुणा. टोपीचा रेनकोट, आत पातळ स्वेटर, आणि बूट भिजले तरी चालतील असे. दुपारी ऊन पडलं तर ते वीस मिनिटांचं आहे असं समजून घ्या, चहा नंतर.

चहावरून आठवलं, जेवणाची काळजी करू नका. चहा आपल्यासारखाच दूध घालून कडक पितात, कॉर्कचा स्वतःचा बॅरीज चहा आहे 1901 पासूनचा, सासूबाईंना तो आवडेल, आल्याची पूड तेवढी घरून आणा. ब्राउन ब्रेड आणि इथलं लोणी, त्यावर सकाळ निघते. शाकाहारी असाल तर पॅराडिसो म्हणून नावाजलेलं हॉटेल आहे, 1993 पासून पूर्ण शाकाहारी, पण महाग आणि आधी बुकिंग लागतं. एरवी भाजीचं सूप मागवताना चिकनच्या पाण्यात केलंय का हे विचारायचंच, ते लोक स्वतःहून सांगत नाहीत कारण त्यांच्या हिशोबाने ते व्हेजच असतं. पबमध्ये मुलाला न्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत चालतं, आणि पिणारे असाल तर इथे गिनेस मागू नका, मर्फीज किंवा बीमिश मागा, वेटरचा चेहरा बदलतो.

व्हिसाचं एक, कारण दर वर्षी कोणीतरी यात अडकतंच. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. यूकेच्या काही व्हिसांवर येता येतं पण आधी यूकेत उतरून मगच, आणि नियम बदलत असतात, त्यामुळे आयर्लंड सरकारच्या साइटवर बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास नको. बेलफास्ट म्हणजे यूके, तिकडे जायचं तर त्याचा व्हिसा हवा, ट्रेनमध्ये कोणी विचारलं नाही म्हणून चालतं असं नाही.

मग तुमचे सहा दिवस असे करा. दोन रात्री डब्लिन, मग ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन, साधारण अडीच तासांत कॉर्क, तीन रात्री इथे, शेवटची रात्र परत डब्लिन एअरपोर्टजवळ. पहिला दिवस पायी शहर, दुसरा दिवस सकाळी ब्लार्नी आणि दुपारी कोव्ह, तिसरा दिवस अहाकिस्टा, आणि ते लांब वाटलं तर किन्सेल, अर्ध्या तासावर, चार्ल्स फोर्टच्या तटावरून समुद्र बघत बसायचं. एजंटला सांगा ती बसवाली ट्रिप रद्द कर, कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणि कोव्हच्या ट्रेनमध्ये कॉर्कहून जाताना उजव्या हाताच्या खिडक्या पकडा. डावीकडे बसलात तर भिंती आणि झुडपं. उजवीकडे पाणी पार शेवटपर्यंत सोबत येतं, मध्ये गाडी खाडी ओलांडून बेटावर चढते, ओहोटी असली तर चिखलात बगळे दिसतात. सासूबाईंना खिडकीची जागा द्या, मुलगा तसाही उभाच राहणार आहे.